"बाबा, उद्या तू नको ना येऊस"

पत्र, थोडक्यात : मला दोन मुलं. मोठा १७ वर्षांचा, १५०० मीटर धावतो. धाकटी १४ वर्षांची, टेबल टेनिस खेळते. दोघांच्या स्पर्धांना मी हमखास जातो आणि मनापासून ओरडतो. शेवटी शेवटी दमायला झालं की माझी हाक ऐकून पाय उचलले जातात, असं मुलगा स्वतः सांगतो. मुलीचं मात्र उलटं. सरावात तिची सर्व्हिस भल्याभल्यांना परतवता येत नाही, पण मी समोर बसलो की तीच सर्व्हिस जाळीत जाते. मी जितक्या जोरात धीर देतो, तितकी ती जास्त चुकते. गेल्या महिन्यात सामन्याच्या आदल्या रात्री ती म्हणाली, "बाबा, उद्या तू नको ना येऊस." मी गेलो नाही. ती जिंकली. आनंद झाला, पण खरं सांगतो, रात्रभर डोळा लागला नाही. माझी मुलगी मनानं कमकुवत आहे का? तिला प्रेक्षकांची सवय व्हावी म्हणून मी हट्टानं जात राहावं, की घरी बसावं? आणि ज्या हाकेनं एकाला बळ येतं तिनंच दुसरीचा खेळ बिघडावा, हे कसं?

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं 'ती जिंकली' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दोन शब्द आहेत, पण तुमची झोप त्या दोन शब्दांनीच उडवली आहे. ती हरली असती तर तुम्हाला कदाचित इतकं लागलं नसतं. आपल्यावाचून आपलं लेकरू जिंकलं की पोटात जे काही हलतं, त्याला धड नावही नाही. ते हललं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. फक्त ते बाजूला काढून ठेवू या, कारण तुमचे तिन्ही प्रश्न त्याच्याखाली दबून गेलेत.

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याचा उलगडा झाला की आधीचे दोन बरेच सोपे होतात.

हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे. १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी अभ्यासकानं सायकल शर्यतींच्या नोंदी चाळल्या. एकटा घड्याळाशी झुंजणारा सायकलपटू जो वेग काढतो, त्याहून सोबतीला कुणी असताना जास्त काढतो, असं त्याला दिसलं. मग त्यानं ४० मुलांना मासेमारीच्या गळाचं रीळ गुंडाळायला दिलं, कधी एकट्यानं, कधी जोडीनं. 'सोबतीनं मुलं वेगवान झाली' एवढंच या प्रयोगाबद्दल बहुतेकांच्या कानावर येतं. त्याच्या तक्त्यात मात्र निम्मी मुलं वेगवान झालेली दिसतात, १० मुलांना फारसा फरक पडला नाही आणि १० मुलं चक्क मंदावली. या मंदावलेल्या मुलांना जिंकायचं नव्हतं असं मुळीच नाही. जिंकायच्या ओढीनंच ती इतकी चेतली, की हात ताठरले आणि लय गेली, असं ट्रिप्लेटचं निरीक्षण होतं.

म्हणजे तुमच्या मुलीसारखी मुलं या अभ्यासात पहिल्या दिवसापासून आहेत.

पण हा निव्वळ स्वभावाचा मामलाही नाही. १९६५ साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं एक साधी कल्पना मांडली. कुणी बघत असलं की शरीर चेततं, आणि चेतलेलं शरीर आपल्यात सगळ्यात पक्कं बसलेलं जे असेल तेच आधी बाहेर काढतं. पक्कं बसलेलं बरोबर असेल तर खेळ खुलतो. काम नाजूक असेल, गुंतागुंतीचं असेल, अजून अंगात पुरतं मुरलेलं नसेल, तर चूकच आधी बाहेर येते. चार वर्षांनी त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर तपासलं. सरळ नळीतून पळायचं असेल तेव्हा शेजारच्या पारदर्शक डब्यांतून दुसरी झुरळं बघत असली की झुरळ जास्त वेगानं पळालं. वळण घेऊन वाट शोधायची असेल तेव्हा त्याच प्रेक्षकांसमोर त्याला जास्त वेळ लागला. झुरळाचं मन कमकुवत असतं असं कुणी म्हणणार नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

आता तुमच्या घरात बघा. मुलगा सरळ नळीत आहे. १५०० मीटर ही सोपी शर्यत आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः ८०० मीटर धावायची आणि शेवटच्या वळणावर मांड्या कशा पेटतात ते अजून विसरलेली नाही. पण धावण्याची क्रिया शरीराला पाठ असते. तिथे प्रश्न असतो तो अजून किती सोसायचं याचा, आणि सोसण्याच्या कामात बाहेरची हाक खरोखर उपयोगी पडते. दंडाची ताकद मोजताना कुणी जोर लावायला सांगत राहिलं की कमाल ताकद सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेली आढळली आहे. ट्रेडमिलवर दमछाक होईपर्यंत पळवून घेतलेल्या चाचणीत ज्यांना दर २० सेकंदांनी किंवा दर मिनिटाला प्रोत्साहन दिलं, ते जास्त वेळ टिकले आणि त्यांनी ऑक्सिजनही जास्त वापरला. दर तीन मिनिटांनी एखादा शब्द टाकण्यानं तेवढं साधलं नाही. फुप्फुसाच्या रुग्णांची सहा मिनिटं चालण्याची चाचणी असते, तिथे तर हा परिणाम इतका ओळखीचा आहे की परीक्षकानं कोणत्या मिनिटाला कोणतं वाक्य म्हणायचं तेही ठरवून दिलेलं असतं. 'छान चाललंय, आता पाच मिनिटं राहिली', बस. त्यापलीकडे धीर द्यायचा नाही, नाहीतर आज माणूस जास्त चालला तो तब्येत सुधारली म्हणून की परीक्षक प्रेमळ होता म्हणून, ते कळणार नाही. (खेळाच्या शिक्षकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. एका मुलाच्या चाचणीला सगळा वर्ग ओरडत होता आणि दुसऱ्याच्या वेळी मैदान रिकामं होतं, तर त्या दोन आकड्यांची तुलना करणं अन्यायाचं आहे.)

मुलगी मात्र टेबलाच्या टोकाला उभी आहे. तिथे क्षणभर तिच्या हाताशी जाऊन बघा. चेंडू ४० मिलिमीटरचा, वजन २.७ ग्रॅम. तो उघड्या तळहातावर ठेवायचा, जवळजवळ सरळ रेषेत किमान १६ सेंटिमीटर वर उडवायचा, आणि खाली येताना बॅटचं रबर त्याला निसटतं घासून न्यायचं. फिरकी त्या घासण्यात असते. मनगट कागदाच्या जाडीइतकं आवळलं तरी घासण्याऐवजी ठोका बसतो, फिरकी मरते, आणि चेंडू जाळीत जातो किंवा समोरच्याच्या फोरहँडवर आयता उठतो. हे सगळं व्हायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाच वेळ. या कामाला बळ लागतच नाही. तुमच्या हाकेनं तिला मिळतं ते बळच, आणि ते ठेवायला तिच्या हातात जागा नाही.

त्यात तुम्ही काय ओरडता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण गॅलरीत बसून मी आईवडिलांच्या तोंडून काय ऐकत आले आहे ते सांगते. "शाब्बास! हात सैल ठेव!" "घाई नको!" "टॉस नीट!" (म्हणजे चेंडू वर नीट उडव). प्रत्येक शब्द प्रेमाचा आहे. पण सैल असलेल्या हाताला सैल राहायला सांगितलं की खेळाडू हाताकडे बघायला लागतो, आणि जी हालचाल हजारो वेळा आपसूक झाली ती आता सुटी करून, तुकड्यातुकड्यानं करावी लागते. जिना उतरताना कोणता पाय कुठे पडतोय हे मुद्दाम बघा, अडखळाल. २००२ साली सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंना शंकूंमधून चेंडू नेताना 'पायाची कोणती बाजू चेंडूला लागली' याकडे लक्ष द्यायला सांगितलं. मुरलेले खेळाडू त्यानं मंदावले. नवशिक्यांना मात्र त्याची मदत झाली. म्हणून सरावाच्या पहिल्या वर्षात 'हात असा, पाय तसा' हे बोलणं योग्य असतं, आणि तेच बोलणं सामन्यात, हात बसल्यावर, मोडता घालतं.

पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलावरचा १९८२ चा एक छोटा अभ्यास मला फार आवडतो, कारण तो प्रयोगशाळेत झालेला नाही. आधी लांबून, कुणाला कळू न देता खेळणाऱ्यांची नेमबाजी मोजली. मग चार जण टेबलाजवळ येऊन बघत उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. कच्च्यांचे ३६ वरून २५ वर घसरले. प्रेक्षक तेच होते आणि खेळही तोच होता. यातून तुमच्यासाठी एक दिलासा निघतो : आज जी सर्व्हिस तुमच्यासमोर मोडते, ती पुरती मुरली की तुमच्यासमोरच खुलण्याची शक्यता आहे. तिची नवी सर्व्हिस आहे का, किती दिवसांपासून बसवते आहे, हे तिच्या प्रशिक्षकांना एकदा विचारा. मला दाट शंका आहे की ती सरावात 'भल्याभल्यांना परतवता येत नाही' अशी वाटते ती नवी आणि धाडसाची असल्यामुळेच, आणि म्हणूनच ती दडपणाखाली आधी कोसळते.

आणि हेही सांगायला हवं, की हा सगळा परिणाम सरासरीनं लहान असतो. १९८३ पर्यंतचे २४१ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा, कुणी बघत असणं-नसणं हे कामगिरीतल्या फरकाचा अगदी थोडा, जेमतेम ३ टक्क्यांपर्यंतचा भाग उलगडू शकलं. तुम्ही गेला नाहीत आणि ती जिंकली, हा एकच सामना आहे. त्या दिवशीची प्रतिस्पर्धी, तिची झोप, सर्व्हिस, नशीब, सगळंच त्यात होतं. 'माझ्यामुळे हरत होती' हा निष्कर्ष एवढ्यावरून काढू नका.

आता 'मनानं कमकुवत'.

हा शब्द मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त टोचला. तो तुम्ही रागानं लिहिला नाही, काळजीनं लिहिला, हे कळतं. पण चौदा वर्षांच्या मुलीनं तिच्यावर जीव टाकणाऱ्या माणसाला समोर उभं राहून 'उद्या येऊ नकोस' म्हणणं, याला काय लागतं याचा विचार करा. तिला ठाऊक होतं की तुम्हाला लागेल. तरी ती बोलली, आणि 'नको ना' असं आर्जवानं बोलली. तिनं तिच्या खेळाला काय हवंय ते ओळखलं आणि मागितलं. मी मैदानावर अनेक वर्षं काढली आहेत. पंचविशीतल्या खेळाडूंनाही हे जमत नाही. ते पोटदुखीची सबब सांगतात.

आपण धरून चालतो की परका, विरोधी प्रेक्षक त्रास देतो आणि आपलं माणूस आधार देतं. मनाला आधार मिळतो हे खरंच आहे. पण १९९८ मध्ये जेनिफर बटलर आणि रॉय बॉमायस्टर यांनी अवघड काम देऊन हे तपासलं, तेव्हा गंमत अशी दिसली की आपल्या बाजूच्या प्रेक्षकासमोर माणसं जास्त जपून, हळू खेळली आणि त्यांची कामगिरी घसरली. त्यांना स्वतःला मात्र बरं वाटत होतं, ताण कमी वाटत होता. मला हे अगदी खरं वाटतं. परक्यासमोर चुकलं तर एक गुण जातो. आपल्या माणसासमोर चुकलं तर त्याचा चेहरा पडतो, आणि तो आपण पाडला असं वाटतं. तुमच्या मुलीला तुमचं दडपण येतं, कारण तुमच्या चेहऱ्याची तिला किंमत आहे. उद्या तुम्ही तिच्या लेखी कुणीच नसलात तर तिची सर्व्हिस तुमच्यासमोर मजेत पडेल.

म्हणूनच 'मी येतो, पण गप्प बसतो' हा तोडगा पुरेसा नाही. मागे एका स्पर्धेत मी एका मुलीचा सामना बघत होते. प्रत्येक गुण गेला की तिची नजर तिसऱ्या रांगेकडे जायची. तिथे तिची आई. त्या बाईंनी अख्ख्या सामन्यात तोंडातून अक्षर काढलं नाही. पण गुण गेला की त्यांचा उजवा हात कपाळाशी जायचा, दोन बोटांनी भुवई चोळायच्या, आणि हात खाली यायचा. त्यांना स्वतःला ते माहीतही नव्हतं. शेवटच्या गेममध्ये ती मुलगी गुण गेल्यावर चेंडू आणायलाही न वळता आधी तिसऱ्या रांगेतला तो हात शोधत होती. नंतर मी त्या आईंना हे हळूच सांगितलं, तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "मी तर मुद्दाम गप्प बसले होते हो."

तर मग जावं की नाही?

तिला सवय व्हायला हवी, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. खेळात पुढे जायचं तर लोक बघणारच. चूक आहे ती 'हट्टानं' या शब्दात. दडपणाची सवय सामन्यात लावायची नसते, सरावात लावायची असते. नेदरलँड्समध्ये राउल औडेयान्स आणि रॉब पायपर्स यांनी बास्केटबॉल खेळाडूंच्या सरावातच थोडा ताण मिसळला, तेव्हा काही आठवड्यांनी दडपणाखालीही त्यांचे नेम टिकले. ज्यांनी निवांतपणे सराव केला होता, त्यांचे टिकले नाहीत. तिथला ताण सौम्य होता, हे महत्त्वाचं. हट्टानं समोर जाऊन बसलात तर दर सामन्याला ती एकच धडा गिरवेल, की बाबा दिसले की सर्व्हिस जाते. तोही धडा गिरवून पक्का होतो.

तिच्या प्रशिक्षकांशी बोलून हे सरावात आणा. सरावाच्या शेवटी गुण ८-८ असे बरोबरीत धरून तिथून एक गेम खेळायचा आणि बाकीच्या मुलामुलींनी टेबलाभोवती उभं राहून बघायचं. काही दिवसांनी मोबाईलवर चित्रण लावायचं. त्यात रुळली की भावानं यायचं, ओरडायचं, अगदी मुद्दाम गोंगाट करायचा. त्याला ते आवडेलही. आणि सगळ्यांत शेवटी, ती म्हणेल तेव्हा, तुम्ही. तुम्ही तिच्यासाठी सगळ्यात अवघड प्रेक्षक आहात, म्हणून शिडीची वरची पायरी तुमची. खालच्या पायऱ्यांवर घाई केलीत तर वरची येणारच नाही.

सोबत सर्व्हिसच्या आधीचा एक ठरलेला क्रम तिला बसवू द्या. एक श्वास सोडायचा, चेंडू तळहातावर स्थिर होईपर्यंत थांबायचं, आणि नजर स्वतःच्या हातावर न ठेवता समोर चेंडू जिथे पडायला हवा त्या जागेवर न्यायची. नजर बाहेर गेली की मन मनगटात जाऊन बसत नाही. हा क्रम तिचा तिनं ठरवायचा. तुम्ही फक्त विचारायचं, तेही एकदाच.

तोवर सामन्यांना घरी बसायला माझी हरकत नाही, पण घरी बसण्यालाही एक रीत आहे. रुसून बसलात तर ते तिच्या डोक्यात टेबलापर्यंत जाईल आणि मग तुम्ही गॅलरीत नसूनही असाल. आदल्या रात्री हसून सांगा, "मी येत नाहीये, तू खेळून ये, मला ऐकायला आवडेल." निकाल विचारायला दर गेमनंतर फोन करू नका. आणि 'मी नव्हतो म्हणून जिंकलीस' हे गमतीतसुद्धा कधीही बोलू नका. ती ते आयुष्यभर लक्षात ठेवेल.

पुढे ती बोलावेल. बोलावेलच. तेव्हा कुठे बसायचं हे आधी तिला विचारा. टेबल टेनिसमध्ये दर गेमनंतर बाजू बदलतात, त्यामुळे टेबलाच्या टोकामागे बसलात तर एका आड एक गेममध्ये तुम्ही थेट तिच्या डोळ्यांसमोर येणार. जाळीच्या रेषेत, बाजूला, वरच्या रांगेत बसा. हात मांडीवर ठेवा. गुण कुणाचाही असो, चांगल्या रॅलीला टाळी वाजवा. समोरचीच्या चुकीवर टाळी नको. ते शिष्टाचाराला धरून नाही म्हणून तर नकोच, शिवाय तुमच्या मुलीला त्यातून कळतं की या गॅलरीत चुका मोजल्या जातात.

तांत्रिक सूचना मात्र पूर्ण बंद. २०१६ पासून टेबल टेनिसमध्ये दोन गुणांच्या मधल्या वेळातही सल्ला द्यायला परवानगी आहे, पण एकेरीत तो आधी पंचांना सांगितलेल्या एकाच व्यक्तीनं द्यायचा असतो. ती जागा तिच्या प्रशिक्षकांची. प्रशिक्षक म्हणतात बॅकहँडवर टाक, बाबा म्हणतात फोरहँडवर टाक, आणि मधे ती, पुढची सर्व्हिस करायला काही सेकंद हातात घेऊन. २०१० मध्ये कॅमिला नाइट आणि सहकाऱ्यांनी ४२ कनिष्ठ टेनिसपटूंना, आईवडिलांनी स्पर्धेत कसं वागलेलं हवंय, हे थेट विचारलं होतं. मुलांची उत्तरं अगदी स्पष्ट होती. खेळाच्या युक्त्या सांगू नका. निकालाबद्दल न बोलता प्रयत्नांबद्दल आणि वागण्याबद्दल बोला. पाणी, खाणं, वेळ यांची आठवण करा. आणि एक जे मला त्या तिसऱ्या रांगेतल्या आईची आठवण करून देतं : तोंडानं धीर देत असाल तर चेहऱ्यानंही द्या.

सामन्यानंतरचा पहिला अर्धा तास तिचा. परतीच्या वाटेवर गाडीत, जिथून तिला उठून जाता येत नाही, तिथे सामन्याची उजळणी काढू नका. ती बोलली तर ऐका. नाही बोलली तर पाणी हवं का विचारा आणि खिडकीबाहेर बघू द्या.

हे सगळं ठरवायला एक निवांत वेळ शोधा, स्पर्धेपासून दूरची. तिला एकच विचारा : "मी असताना तुला नक्की काय होतं? सांग, मी मधे बोलणार नाही." मग खरंच बोलू नका. तुम्ही आणि मी जे तर्क लढवतो आहोत, त्याहून वेगळंच काही निघू शकतं. एका मुलानं मला सांगितलं होतं, की त्याला वडिलांच्या ओरडण्याचा त्रास नव्हता, ओरडणं मधेच थांबण्याचा होता. 'ते थांबले की वाटायचं, आता आशा सोडली.' तिच्या उत्तरात 'फक्त माझं नाव घेऊ नकोस' किंवा 'मी बघेन तेव्हा मान हलव' इतकी छोटी मागणीही असू शकते.

हाच प्रश्न मला इतरांकडूनही येतो. व्यायामशाळेत जोडीदाराला 'अजून एक, अजून एक' म्हणणाऱ्यांकडून, मैत्रिणीच्या पहिल्या मॅरेथॉनला रस्त्याच्या कडेला उभं राहणाऱ्यांकडून. त्यांना मी एवढंच सांगते : समोरचा सोसतोय की साधतोय, ते बघा. सोसत असेल तर आवाज द्या. नेम धरत असेल, तोल सांभाळत असेल, नवं काही बसवत असेल, तर आवाज आवरा. काही खेळांत दोन्ही एकाच अंगात येतं. बायथलॉनमध्ये बर्फावरून दमछाक होईपर्यंत स्कीइंग करायचं आणि त्याच धापेत, कधी पालथं पडून तर कधी उभं राहून, रायफलनं नेम मारायचा. महासाथीत या खेळाच्या विश्वचषक शर्यती प्रेक्षकांविना झाल्या, तेव्हा आधीच्या मोसमाशी तुलना करता आली. स्प्रिंट शर्यतींत प्रेक्षक असताना पुरुष वेगानं गेले आणि नेमात ढिले पडले. आपल्या चर्चेशी हे अगदी जुळतं. स्त्रियांचं मात्र नेमकं उलटं निघालं, प्रेक्षकांसमोर वेग कमी आणि नेम चांगला. तेव्हा 'मुली अशाच असतात, मुलगे तसेच असतात' असं या पत्रावरून किंवा माझ्या उत्तरावरून कुणी ठरवू नये. ज्याच्यासाठी ओरडायचं त्याला विचारावं.

आता मुलाबद्दल थोडं, कारण त्याचं सगळं छान चाललंय म्हणून तुम्ही त्याच्याबद्दल काहीच विचारलं नाहीत.

हाक माणसाला त्याच्या थांबण्याच्या जागेपलीकडे नेते, आणि कधीकधी ती थांबण्याची जागा शरीरानं विचार करून ठरवलेली असते. तो लंगडतोय, पाऊल तिरकं पडतंय, उन्हात धावताना अंग थरथरतंय, बोलणं असंबद्ध होतंय, यातलं काहीही दिसलं तर तुमच्या तोंडून 'चल, जोर लाव' निघता कामा नये. 'थांब' निघायला हवं, आणि तेही तितक्याच जोरात. तुमच्या आवाजाचं तो ऐकतो, म्हणून ही जबाबदारी तुमच्यावर जास्त येते. एकदा घरी शांतपणे त्याला सांगून ठेवा, की मी थांब म्हटलं तर थांबायचं, त्यावर वाद नाही.

आणि सुरुवातीलाच ओरडू नका. पहिल्या ३०० मीटरमध्ये तसाही अंगात वारं संचारलेलं असतं, त्यात तुमची हाक मिळाली की तो ठरल्यापेक्षा वेगात जातो आणि त्याचं देणं शेवटी फेडावं लागतं. शेवटच्या शंभर मीटरमध्येही तुमची फार गरज नाही. तिथे सगळेच ओरडत असतात, त्याला तुमचा आवाज वेगळा ऐकूही येत नसेल. १५०० मीटर मोडते ती ७०० ते ११०० च्या पट्ट्यात. सुरुवातीचा जोश ओसरलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. माझे सर त्या जागी उभे राहायचे, अंतिम रेषेच्या बरोबर समोर, मैदानाच्या पलीकडच्या सरळ बाजूला, जिथे एकही प्रेक्षक नसायचा. मी जवळ आले की एकच शब्द म्हणायचे, "हात." पाय जड झाले की हातांचा झोका आखडतो, आणि हात सुटले की पाय मागोमाग येतात. हे आमचं सरावात ठरलेलं होतं, शब्दही मीच निवडला होता. मुलाला त्याचा शब्द विचारा. पुढच्या शर्यतीला त्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहा, आणि तो येईपर्यंत आवाज राखून ठेवा.